नायकांपासून संतांपर्यंत : नाशिक-खानदेशातील आदिवासी प्रतिकाराची १२० वर्षे

ओझर, प्रतिनिधी

विमानांचा कारखाना, द्राक्षबागा आणि चंपाषष्ठीला भरणारी खंडेराव महाराजांची यात्रा यांमुळे ओझर हे गाव सर्वपरिचित आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर असलेले हे गाव सपाटीवरचे. मात्र, गावाच्या पश्चिमेला दिंडोरी तालुका लागतो आणि त्यापलीकडे पेठ व सुरगाणा हे डोंगराळ तालुके आहेत. उत्तरेकडे सातमाळा रांग आणि त्यापुढे कळवण व बागलाण, तर दक्षिणेकडे सिन्नर आणि त्याला लागून नगर जिल्ह्यातील अकोले. ओझरच्या शिवाराला मिळणारे वाघाड धरणाचे पाणी दिंडोरी तालुक्याच्या डोंगरांतून येते. द्राक्षबागांतील छाटणी आणि काढणीच्या हंगामात कामाला येणारे अनेक मजूरही पेठ-सुरगाण्याकडचे असतात.

हा सारा डोंगराळ पट्टा प्रामुख्याने कोळी महादेव, कोकणा, भिल्ल आणि वारली या जमातींचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे जिल्ह्यातील दर चार माणसांमागे एक आदिवासी आहे. असे असूनही, या समाजाने परकीय सत्तेशी दिलेला लढा शहरी वाचकाला फारसा परिचित नाही. बिरसा मुंडा यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु राघोजी भांगरे, भागोजी नाईक किंवा गुलाम महाराज यांच्याविषयी विचारले असता नाशिक शहरात फार थोड्यांना काही सांगता येईल.

या लढ्याचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्या टप्प्याचे नेतृत्व शस्त्रधारी नायकांकडे होते, तर दुसऱ्या टप्प्याचे साधुसंतांकडे. हे नेतृत्व एका हातून दुसऱ्या हाती का गेले, याचे उत्तर इंग्रजांनी हा डोंगर कसा जिंकला, या प्रश्नात दडलेले आहे.

डोंगरातील जुनी व्यवस्था

इंग्रज येण्यापूर्वी सह्याद्रीच्या या भागात कोळी नायकांना मानाचे स्थान होते. घाटवाटांवर पहारा ठेवणे, प्रवाशांना व तांड्यांना संरक्षण देणे आणि किल्ल्यांच्या शिबंदीत चाकरी करणे ही त्यांची वंशपरंपरागत कामे होती. या कामाच्या मोबदल्यात त्यांना वतने, रोख नेमणुका आणि गावांकडून मिळणारे हक्क होते. जव्हार येथे मुकणे या कोळी घराण्याचे स्वतंत्र राज्य होते. चौदाव्या शतकात उदयास आलेले हे संस्थान स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, भारतात विलीन झाले.

ही व्यवस्था सुखाची आणि समतेची होती, असे मात्र नव्हे. पेशवाईतही नायकांचे आणि सरकारचे खटके उडत असत, बंडे होत आणि ती कठोरपणे मोडूनही काढली जात. परंतु तेव्हाच्या राज्यकर्त्यांना डोंगरातील माणसांवाचून घाट व किल्ले सांभाळता येत नव्हते. त्यामुळे बंड शमले की बहुधा तडजोड होई आणि नायकाला पुन्हा चाकरीत घेतले जाई. नायकाचे महत्त्व त्याच्या उपयोगितेवर उभे होते. १८१८ नंतर नेमकी हीच उपयोगिता संपुष्टात आली.

१८१८ : किल्ल्यांचा पाडाव

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८१८ मध्ये, कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेने चांदवड परिसरातून पुढे सरकत राजदेहेर व त्र्यंबक हे किल्ले घेतले. त्र्यंबक पडताच भोवतालचे अनेक किल्ले फारसा प्रतिकार न करता इंग्रजांच्या स्वाधीन झाले. मालेगावच्या भुईकोटातील अरब शिबंदीने मात्र जूनपर्यंत झुंज दिली.

किल्ले घेतल्यानंतर इंग्रजांनी ते राखले नाहीत. पुन्हा कोणी बंडखोर त्यांचा आश्रय घेऊ नये म्हणून अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या, दरवाजे आणि पाण्याची टाकी सुरुंग लावून निकामी करण्यात आली. इगतपुरीजवळील अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांवर जाणाऱ्या गिर्यारोहकांना आजही तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर लावून चढावे लागते. किल्लाच राहिला नाही तर शिबंदी कशाला हवी? पायऱ्यांबरोबर शेकडो कुटुंबांची उपजीविकाही गेली. नायकांच्या नेमणुका व हक्क कमी करण्यात आले आणि ज्या कामामुळे त्यांना मान होता, ते काम सरकारी पोलिसांकडे गेले.

याचा परिणाम दहा वर्षांत दिसून आला. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे आणि रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी उठाव केला. हक्कांत झालेली घट हे त्यांच्या तक्रारीचे मुख्य कारण होते. हा उठाव मोडण्याचे काम कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने केले. रामा किरवा याला नगर येथे फाशी देण्यात आली. याच मॅकिंटॉशने पुढे महादेव कोळ्यांविषयी एक दीर्घ टिपण लिहिले. या समाजाच्या कुळांची, देवतांची आणि चालीरीतींची सविस्तर माहिती देणारे ते पहिले महत्त्वाचे लेखन होय. ज्याने उठाव मोडला त्यानेच त्या लोकांचा इतिहास लिहिला, ही बाब पुढील सर्व कागदपत्रे वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आजचा नाशिक जिल्हा १८६९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी या भागातील काही तालुके अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, तर काही खानदेशात मोडत असत. म्हणून नाशिकच्या उठावांची माहिती नगर आणि खानदेशच्या दप्तरांत विखुरलेली आढळते.

राघोजी भांगरे आणि सावकारांच्या वह्या

रामजी यांचे पुत्र राघोजी हे अकोले तालुक्यातील देवगावचे. १८४० च्या दशकात त्यांनी उभारलेल्या उठावाचे स्वरूप वडिलांच्या उठावापेक्षा वेगळे होते. रामजींच्या काळी नायकांच्या हक्कांचा प्रश्न प्रमुख होता, तर राघोजींच्या काळी सावकार हा मुख्य शत्रू बनला होता.

या बदलाचे कारण नव्या महसूल पद्धतीत होते. सरकारी सारा रोखीने आणि ठरलेल्या मुदतीत भरावा लागे. डोंगरातील नाचणी, वरईच्या शेतीतून रोख पैसा हाती येत नसे. त्यामुळे साऱ्यासाठी कर्ज, कर्जासाठी गहाणखत आणि थकबाकीसाठी कचेरीचा हुकूम असे चक्र सुरू झाले. निरक्षर शेतकऱ्याच्या अंगठ्याला कचेरीत पुरावा म्हणून किंमत होती. त्याच्या तोंडी सांगण्याला नव्हती. राघोजींच्या माणसांनी सावकारांवर हल्ले केले आणि त्यांची हिशेबाची कागदपत्रे नष्ट केली. काही ठिकाणी सावकारांची नाके कापल्याच्या नोंदीही आहेत. १८४५ पर्यंत उठावाचे लोण पुणे व सातारा भागापर्यंत पोहोचले होते.

साथीदार एकामागून एक पकडले गेल्यावर राघोजी यात्रेकरूंच्या मेळ्यात साधूच्या वेषात पंढरपुरी गेले. तेथेच २ जानेवारी १८४८ रोजी त्यांना अटक झाली आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

राघोजी गेले तरी प्रश्न मिटला नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत मैदानी भागातील शेतकऱ्यांनीही सावकारांचे रोखे जाळले आणि सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांत या दंग्यांना मानाचे स्थान मिळाले. तीस वर्षांपूर्वी तेच कृत्य करणाऱ्या कोळ्यांची नोंद मात्र सरकारी गॅझेटियरांत दरोडेखोर म्हणूनच राहिली.

१८५७ : नांदूर शिंगोटे ते पेठ

उत्तर हिंदुस्थानात उठावाचा भडका उडाला असताना नाशिक परिसरही शांत नव्हता. सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथील भागोजी नाईक हे भिल्ल समाजाचे. ते पूर्वी नगरच्या पोलीस दलात नोकरीस होते. दंग्यात सहभाग असल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि नोकरीही गेली. १८५७ मध्ये त्यांनी सुमारे ५० माणसे जमविली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री त्यांच्यावर चालून गेला असता नांदूर शिंगोटे येथील चकमकीत तो मारला गेला. या घटनेने उठावाला मोठे बळ मिळाले.

डिसेंबर १८५७ मध्ये त्र्यंबकेश्वर येथील सरकारी खजिन्यावर हल्ला झाला आणि पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठचे अधिपती भगवंतराव यांच्यावर या उठावास साहाय्य केल्याचा ठपका ठेवण्यात आला व त्यांना साथीदारांसह फाशी देण्यात आली. पुढे १८७८ मध्ये हे संस्थान इंग्रजी मुलुखात सामील करण्यात आले. उत्तरेकडे खानदेशात खाज्या नाईक, भीमा नाईक आदींच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे इंग्रज फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. शेकडो स्त्रियाही कैद झाल्या.

भागोजी नाईक यानंतरही दोन वर्षे हाती लागले नाहीत. त्यांना पकडण्यासाठी इंग्रजांनी योजलेला उपाय विशेष उल्लेखनीय आहे. कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याने कोळ्यांचीच एक पलटण उभारली. डोंगराच्या वाटा, पाणवठे आणि लपण्याच्या जागा यांची जाण असलेले शेकडो कोळी जवान भिल्ल बंडखोरांच्या मागावर सोडण्यात आले. खानदेशात जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली होती, त्याच धर्तीवरचा हा प्रयोग होता. ज्या समाजातील राघोजींना नऊ वर्षांपूर्वी फाशी दिले, त्याच समाजातील तरुण आता सरकारी बंदूक घेऊन भिल्लांविरुद्ध उभे होते. यामागे फितुरी शोधण्यापेक्षा पोटाची निकड शोधणे अधिक न्याय्य ठरेल. हक्क व चाकरी गमावलेल्या कुटुंबांना सरकारी पगार हा एक आधार होता.

५ जुलै १८५९ रोजी संगमनेर भागात झालेल्या चकमकीत भागोजींचे पुत्र यशवंत मारले गेले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागर येथे फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने भागोजींना गाठले आणि त्या लढाईत त्यांचा अंत झाला. हाच सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. काम संपल्यावर, १८६१ मध्ये, कोळी पलटणही बरखास्त करण्यात आली.

कागदाने झालेला दुसरा पाडाव

भागोजींच्या अंतानंतर या पट्ट्यात त्या प्रमाणावरचा सशस्त्र उठाव झाला नाही. १८७० च्या दशकात होन्या केंगले या कोळी बंडखोराने सावकारांना जेरीस आणले होते, परंतु १८७६ मध्ये तोही पकडला गेला. बंदुकीची लढाई येथे संपली. डोंगर पूर्णपणे ताब्यात घेण्याचे काम मात्र यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू झाले आणि ते कायद्याच्या कागदांनी पार पडले.

पहिला कागद जंगलाचा. १८६५ आणि विशेषतः १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी झाली. डोंगरउतारावर फांद्या, पाला व शेण पसरून जाळायचे आणि त्या राखेत नाचणी-भाताची रोपे वाढवायची, ही राबाची पद्धत. राखीव जंगलातून राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे, मोळी आणणे हे सारे गुन्हे ठरू शकत होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध एवढी ओरड झाली की, सरकारला १८८५ मध्ये वन चौकशी आयोग नेमावा लागला.

दुसरा कागद दारूचा. १८७८ च्याच मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळण्यास बंदी आली आणि ठेकेदारांच्या दुकानांतून कर भरलेली दारू विकली जाऊ लागली. मोहाचे झाड दारात, फुले अंगणात. पण दारू मात्र पैसे मोजून ठेकेदाराकडून घ्यायची. देवकार्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक विधीत दारू लागणाऱ्या समाजाला ही सक्ती फार महागात पडली. ठेकेदार उधारीवर दारू देई, उधारी फिटली नाही की जमीन किंवा श्रम लिहून घेई. अनेक गावांत दारूचा ठेकेदार, सावकार आणि जमीनदार ही एकच व्यक्ती असे.

तिसरा कागद अर्थातच सावकाराचा. १९३८-३९ च्या सुमारास डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासी भागांची पाहणी केली. पश्चिम खानदेश, ठाणे आणि नाशिकमधील आदिवासींची सावकारी पिळवणूक व वेठबिगार यांचे विदारक चित्र त्याच्या अहवालात आहे. सरकारी अधिकाऱ्यानेच ते लिहिले असल्याने त्याचे महत्त्व अधिक आहे.

या शत्रूशी धनुष्यबाणाने लढता येत नव्हते. वनरक्षकाला हुसकावले तरी राखीव जंगलाचा नकाशा कचेरीत सुरक्षित राही. अशा वेळी समाजाने दुसरा मार्ग शोधला आणि तो दाखविणारी माणसे नायक नव्हती.

देवीचे आदेश

१९२२ च्या सुमारास पालघरकडील किनारपट्टीवरील कोळी वस्त्यांत एक देवी संचारू लागल्याची वार्ता पसरली. तेथून ही लाट सह्याद्री चढून नाशिक जिल्ह्याचा डोंगराळ भाग, सुरगाणा, पश्चिम खानदेश, डांग आणि त्यापुढे सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. सलाबाई या नावाने ही देवी ओळखली जाई. गावोगावी स्त्री-पुरुषांच्या अंगात देवीचा संचार होई आणि त्यांच्या मुखातून आदेश दिले जात. दारू व ताडी पिऊ नका, मांस-मासळी खाऊ नका, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका, असे हे आदेश होते. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या आणि दारूची दुकाने ओस पडली. पुढे काही भागांत गांधीजींचे नाव आणि खादीही या आदेशांत येऊन मिळाली.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर १९८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, ही चळवळ बाहेरच्या कोणा सुधारकाने घडविलेली नव्हती. आदिवासींनी ती स्वतः उभारली होती. दारू सोडणे हा धार्मिक आदेश होता, त्याचबरोबर तो ठेकेदाराच्या उत्पन्नावर घातलेला घावही होता. देवीची आज्ञा म्हटल्यावर तो बहिष्कार गावातील प्रत्येकाला बंधनकारक ठरला. कोणताही नायक एवढी शिस्त एवढ्या मोठ्या मुलुखात निर्माण करू शकला नसता. या चळवळीला एकच पुढारी नव्हता, म्हणून कोणा एकाला अटक करून ती थांबविणेही शक्य नव्हते. परंतु त्याच कारणाने लाट ओसरल्यावर अनेक गावांत जुन्या सवयी परतल्या.

गुलाम महाराज आणि आप धर्म

देवीच्या लाटेनंतर पंधरा वर्षांनी त्याच विचाराला एका संताचे नेतृत्व लाभले. पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, तळोदा तालुक्यात मोरवड हे गाव आहे. तेथील गुला महाराज ऊर्फ गुलाम महाराज यांनी १९३७-३८ च्या सुमारास आदिवासींना आरतीसाठी एकत्र जमविण्यास आरंभ केला. दर सोमवारी होणाऱ्या या आरतीसाठी सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून लोक पायी येऊ लागले. दारू आणि मांस सोडा, रोज स्नान करा, चोरी करू नका, भांडू नका, हा उपदेश साधा होता. त्यांच्या पंथाला आप धर्म हे नाव मिळाले, कारण अनुयायी एकमेकांना ‘आप’ या आदरार्थी शब्दाने संबोधत असत.

हा शब्द क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजाला बाजारात, कचेरीत आणि सावकाराच्या ओट्यावर केवळ एकेरी हाक ऐकण्याची सवय होती, त्या समाजाने एकमेकांना ‘आप’ म्हणणे ही मोठी गोष्ट होती. मान मिळावा म्हणून त्यांनी कोणाकडे अर्ज केला नाही. तो आधी आपसांत देण्यास सुरुवात केली. स्नान, स्वच्छता आणि दारूबंदी यांचे स्थानही त्या दृष्टीने पाहावे लागते. मळकट, व्यसनी आणि चोर अशी आपली प्रतिमा सपाटीवरच्या लोकांनी रंगविली आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती पुसून टाकण्याचा निर्धार केला होता.

१९ जुलै १९३८ रोजी गुलाम महाराजांचे निधन झाले. त्यांना कार्यासाठी फार अल्प काळ मिळाला. त्यांच्यामागे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली. जमाव वाढू लागले तशी दारूविक्रेत्यांची व सावकारांची अस्वस्थता वाढली आणि सरकारही सावध झाले. रामदास महाराजांना काही काळ जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. हाती शस्त्र नसलेल्या, केवळ आरती करणाऱ्या जमावाची सरकारला भीती वाटावी, यावरूनच त्या आरतीचे बळ लक्षात येते.

या मार्गाला एक दुसरी बाजूही होती. मांस व दारूचा त्याग करताना आदिवासींनी आपल्या काही जुन्या विधींचा व खाद्यपद्धतीचाही त्याग केला आणि सपाटीवरील उच्चवर्णीयांचे आचार स्वीकारले. यामुळे समाजात व्रत घेतलेले आणि न घेतलेले असे दोन तट पडले. आपली संस्कृती टाकून सन्मान मिळवावा का, हा प्रश्न आदिवासी तरुण आजही विचारतात आणि तो रास्त आहे.

इतरत्र हेच घडले

नायकांनंतर संत हा क्रम केवळ नाशिक-खानदेशापुरता मर्यादित नाही. छोटा नागपूरमध्ये अनेक सशस्त्र उठाव झाल्यानंतर बिरसा मुंडा यांनी आधी नवा धर्म सांगितला आणि नंतर १८९९-१९०० मध्ये ‘उलगुलान’ पुकारले. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९०८ मध्ये मुंडांच्या जमिनींना संरक्षण देणारा छोटा नागपूर कुळकायदा आला. राजस्थान-गुजरातच्या सीमेवर गोविंद गुरू यांनी भिल्लांना दारू सोडण्याचा आणि वेठबिगार नाकारण्याचा उपदेश केला. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगडच्या टेकडीवर जमलेल्या त्यांच्या अनुयायांवर इंग्रजी फौजेने गोळीबार केला आणि त्यात मोठ्या संख्येने भिल्ल मृत्युमुखी पडले.

अमेरिकेतील सेनेका जमातीतही असेच घडले. युद्धात पराभव आणि जमिनीची हानी झाल्यावर १७९९ मध्ये हँडसम लेक या धर्मपुरुषाने आपल्या लोकांना गोऱ्यांची दारू सोडण्याचा आणि कुटुंब व शेती सावरण्याचा उपदेश केला. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या या समाजांनी संकटात एकच पहिले पाऊल उचलावे, ही विचार करण्याजोगी बाब आहे. जिंकणाऱ्याबरोबर दारू आणि कर्ज येते, हा सर्वांचा समान अनुभव होता.

अंबरसिंग महाराज : आरतीकडून सातबाऱ्याकडे

स्वातंत्र्यानंतर या परंपरेने पुन्हा वळण घेतले. शहादा तालुक्यातील पाडळदे येथील अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातील तरुण कार्यकर्ते. भजने म्हणणारे आणि सर्वोदयी विचारांचे. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर अत्याचार झाल्यानंतर या भागातील चळवळ महाराष्ट्रभर चर्चेत आली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. सावकारांनी व धनिकांनी बळकावलेल्या जमिनी परत मिळविणे हा तिचा मुख्य कार्यक्रम होता. आदिवासी स्त्रियांनी दारूच्या अड्ड्यांवर जाऊन मडकी फोडली. देवीच्या आदेशातील दारूबंदी येथे स्त्रियांच्या हक्काची मागणी होऊन पुढे आली.

अंबरसिंग महाराजांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी, आदिवासींच्या हस्तांतरित झालेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने केला. राघोजींच्या काळापासून चालत आलेल्या गहाणखतांच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले ते उशिराचे उत्तर होते.

प्रश्न अद्याप जिवंत

जंगलाच्या कागदाला उत्तर मिळण्यास याहून अधिक काळ लागला. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला. ऐतिहासिक अन्याय दूर करणे हा हेतू त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. परंतु हक्क मान्य होणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे यांत मोठे अंतर आहे. कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र मंजूर होणे, पुराव्याअभावी दावे फेटाळले जाणे या तक्रारी घेऊन ६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईकडे पायी निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांतील आदिवासींची संख्या त्यांत लक्षणीय होती. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ते आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी अखेरचा टप्पा रात्रीच चालून पार केला. मुंबईकरांनी त्यांना पाणी व अन्न देऊन स्वागत केले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा असाच मोर्चा निघाला.

या मोर्चात कोणी नायक नव्हता की कोणी महाराज नव्हते. हाती लाल झेंडे आणि पिशवीत दाव्यांच्या अर्जांच्या प्रती होत्या. १८१८ मध्ये गड गेले, १८७८ मध्ये जंगल गेले. त्यांतील गड परत मिळविण्याची मागणी आज कोणी करीत नाही. कसत असलेल्या जमिनीवर नाव लागावे, एवढीच मागणी आहे. ओझरच्या बागेत हंगामात दिसणाऱ्या मजुराच्या गावी त्याचा स्वतःचा दावा प्रलंबित असू शकतो, हे ध्यानात घेतले तर हा इतिहास फार जुना वाटणार नाही.

ठळक घटनाक्रम

१८१८ : त्र्यंबकसह नाशिक परिसरातील किल्ले इंग्रजांच्या ताब्यात
१८२८-३० : रामजी भांगरे व रामा किरवा यांचा उठाव
२ मे १८४८ : राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी
४ ऑक्टोबर १८५७ : नांदूर शिंगोटे येथील चकमक, लेफ्टनंट हेन्री ठार
११ एप्रिल १८५८ : अंबापाणीची लढाई
११ नोव्हेंबर १८५९ : मिठसागर येथे भागोजी नाईक यांचा अंत
१८७८ : वन कायदा व मुंबई अबकारी कायदा
१९२२ : देवीची चळवळ
१९ जुलै १९३८ : गुलाम महाराज यांचे निधन
१९७४ : आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा
२००६ : वनहक्क कायदा
मार्च २०१८ : नाशिक ते मुंबई पायी मोर्चा